रजा कधीपासून टाकू?

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयावरची, बाळंतपणाच्या रजेची निघाली. दोन शिक्षिकांची आणि एक एका शिक्षिकेच्या सासूबाईंचं, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ढकलली. नावं गाळलीत, गावं ठेवलीत, कारण आपल्याकडं गाव बदललं की उत्तरही बदलतं.

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, राहायला बेळगावात. पहिलीच वेळ आहे, सहावा चालू आहे, डॉक्टरांनी १२ जुलै तारीख दिलीय आणि सगळं नॉर्मल आहे म्हणालेत. प्रश्न एवढाच की मॅटर्निटी लीव्ह कधीपासून टाकू. सासूबाई म्हणतात ओटी भरली की घरी बस. मिस्टर म्हणतात शाळा उघडते त्याच दिवसापासून टाक, पावसात कशाला जातीस. पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला माझी मोठी बहीण झेडपीत शिक्षिका आहे, ती म्हणते शेवटच्या दिवसापर्यंत जा, एकेक दिवस बाळासाठी वाचव, मी तसंच केलं. हेडमास्तर रोज विचारतात, मॅडम काय ते आत्ताच सांगा, गेस्ट टीचर मागायला लागतील. आणि आईचं एकच, पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणजे चंदगडला. मी बसनं जाते, स्टॉपपासून शाळा पाऊण किलोमीटर चालत. तुम्हीच काय ते सांगा. — एक शिक्षिका, बेळगाव

अगं पोरी, पाच माणसं पाच बाजूंनी ओढायलीत आणि जिचं पोट आहे ती मध्ये उभी. थांब जरा, आधी हिशोब करू, भावनेचं नंतर बघू.

तू कर्नाटक सरकारच्या नोकरीत आहेस, म्हणजे तुला १८० दिवस पगारी रजा आहे, आधीची हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर मिळते, तुझं तर पहिलंच. हे १८० दिवस ज्या तारखेला सुरू करशील तिथून सलग मोजतात. रविवार त्यात, गणपती त्यात, दसऱ्याची सुट्टी पण त्यातच बुडते, ती नंतर वेगळी मागता येत नाही. त्यामुळं आधी घेतलेला प्रत्येक दिवस मागून कमी होतो, हे तुझी बहीण म्हणते ते बरोबरच आहे.

आता तारखा बघ. मिस्टरांचं ऐकून २९ मेला रजा सुरू केलीस तर २४ नोव्हेंबरला संपते, तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं असेल. २९ जूनला सुरू केलीस तर २५ डिसेंबरला संपते, बाळ साडेपाच महिन्यांचं. डॉक्टर सहा महिने नुसतं अंगावरचं दूध सांगतात, तर या एका महिन्यात फरक केवढा पडतो ते तुझं तूच बघ.

सासूबाईंचं मात्र काळजी करू नको, त्यांचं आपोआपच होतंय. तुला सातवा लागतो एप्रिलच्या सुरुवातीला, आणि आपली शाळा १०-११ एप्रिलला सुटते ती २९ मेच्या आसपास उघडते. ओटी भरा, डोहाळजेवण करा, शेजारच्या कन्नड बायकांना बोलवा, त्या कुबसा म्हणतील, हिरव्या बांगड्या भरा आणि घरी बस की, सुट्टीच आहे. फक्त त्या सुट्टीवर मॅटर्निटी लीव्ह टाकू नको. दारात विहीर असताना टँकर मागवल्यासारखं होईल ते. हे मी मुद्दाम लिहिते कारण दरवर्षी एखादी तरी पोर एप्रिलपासून रजा टाकून मोकळी होते आणि दसऱ्याच्या तोंडाला अडीच-तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून शाळेत हजर होते.

बहिणीच्या सल्ल्यात एक गोम आहे ती तिच्या लक्षात आली नसेल. रजा तिकडंही १८० दिवसच, पण तिच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्या मेअखेरीला. तुझी तारीख तिला असती तर सुट्टी संपल्यावर चार आठवडे शाळा करावी लागली असती, तुला सहा करावे लागतील. चाळीस किलोमीटरच्या आत दोन राज्यं, दोन कॅलेंडर. सीमेपलीकडच्या माणसाचा सल्ला मायेनं ऐकावा आणि तारखा आपल्या लावाव्यात, मी तर म्हणते रेशनकार्डापासून रजेपर्यंत सगळीकडंच.

आता माझं सांगते, कारण हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये. १९९४ साली मी एका खाजगी संस्थेच्या हायस्कुलात होते. तेव्हा रजा मिळायची १२ आठवडे, त्यातले ६ आधी घेता यायचे. हेडमास्तर म्हणाले बाई तुम्ही सहा आठवडे आधीच जा, मधेच काही झालं तर आमच्यावर नको. मी गेले. घरी बसून पापड लाटले, स्वेटर विणला, तारीख आली, तारीख गेली, आणि बाळ आलं नऊ दिवस उशिरा. म्हणजे हातात उरले तेहतीस दिवस. चौतिसाव्या दिवशी मी आठवीच्या वर्गावर उभी. डिलिव्हरीनंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचंच नाही हे कायद्यात तेव्हाही होतं, पण मला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. साडेअकराचा तास, बीजगणित. व्हरांड्यात कुणाचं तरी लहान पोर रडलं आणि माझा ब्लाउज भिजला. मी पदर ओढून घेतला आणि फळ्याकडं तोंड करून लिहीत राहिले, वळलेच नाही. पहिल्या बाकावरची एक पोर उठून जवळ आली, खडू हातातनं घेतला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही खुर्चीवर बसा, मी लिहितो." आमच्याकडं पोरी पण लिहितो-जातोच म्हणतात. ती लिहीत गेली, मी बसून सांगत गेले, पुढ्यात हजेरीचं बुक धरून. तेरा वर्षांची असेल ती.

म्हणून मी दिवस वाचवायच्या बाजूची आहे, हे आधीच कबूल करते. पण शेवटच्या दिवसापर्यंत जा असं मात्र तुला सांगणार नाही.

कारण १२ जुलै ही काय रेल्वेची तारीख नाही. नेमक्या तारखेला येणारी बाळं थोडीच, दोन आठवडे अलीकडं-पलीकडं धरूनच चालायचं. ३७ आठवडे भरले की बाळ कधीही आलं तरी वेळेत आलं म्हणतात, तुझे ३७ भरतात २१ जूनला. आणि तू शिकवतेस पहिली-दुसरीला. नववी-दहावीची बाई खुर्चीवर बसून तास काढेल एखादा, तुझा वर्ग चटईवर भरतो. खाली बसायचं, एकाची पेन्सिल तासून द्यायची, उठायचं, दुसऱ्याचं नाक पुसायचं, परत बसायचं, दिवसातनं तीस-चाळीस वेळा. पोरं धावत येऊन कमरेला मिठी मारतात, त्यांना काय कळतंय. आत्तापासूनच एक स्टूल वर्गात ठेव आणि पोरांना सांग बाईंच्या पोटात बाळ आहे, हळू यायचं. सांगून बघ, पोरं मोठ्यांपेक्षा जास्त जपतात.

दुसरं बस. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, चांगलंच झालं, पण सकाळच्या खानापूरच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. सीट मागायला लाजू नको, कंडक्टरला सांग, तो उठवतो कुणालातरी. नाहीतर मेअखेरीपासून शाळेतल्या कुणाच्या तरी गाडीतनं, पेट्रोलचे पैसे वाटून, जायची सोय लाव, टू-व्हीलरच्या मागं मात्र नको. आणि खानापूरचा पाऊस मी काय तुला सांगायचा, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा धरला की सोडत नाही, ते पाऊण किलोमीटर निसरड्या वाटेवरचं असेल तर तोच रजेचा दिवस समज.

आता खरा प्रश्न, जो तू शेवटी सहज लिहिलास, चंदगडचा. रजेची तारीख ठरवायच्या आधी बाळंतपण कुठं ते ठरव, कारण माहेरी जायचं तर ३६ आठवड्यांच्या आत जायला पाहिजे, म्हणजे १४ जूनपर्यंत. तिथून रजा धरली तर १० डिसेंबरला संपते, बाळ पाचला एक-दोन दिवस कमी. तेही वाईट नाही. पण मला विचारशील तर, चंदगडची माणसं जरा काही अवघड झालं की गाडी करून बेळगावला येतात, आणि तू बेळगावची पेशंट असून भर पावसाळ्यात चंदगडला निघालीस. तुझा डॉक्टर इथं, तुझे सगळे स्कॅन इथं, तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं तपासण्यांचं सरकारी कार्ड, तेही इथलं. आईला म्हणावं तूच ये दोन महिने, खोबरं-डिंक-मेथी घेऊनच ये, आणि सव्वा महिना झाला की मी येतो माहेरी बाळाला घेऊन, मग पाहिजे तेवढी मालिश कर, शेक दे. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत चांगलीच आहे, पोरीला आराम मिळावा म्हणून केलेली. आराम आईच्या हातनं मिळतो, मग ती आई इथं बेळगावातल्या अनगोळात असली काय आणि चंदगडात असली काय. आई अगदीच ऐकेना झाली तर जा, तिचं मन मोडू नको, पण तिथल्या डॉक्टरला मेमध्येच एकदा दाखवून ये, सगळ्या फाइलीची झेरॉक्स दे, आणि रात्री-अपरात्री गाडी कुणाची ते नाव आणि नंबर भिंतीवर लिहून ठेव. बाळाचा जन्मदाखला पण मग तिकडंच होणार, २१ दिवसांच्या आत नोंद करा, आणि दाखला इंग्रजी मजकूर असलेलाच घ्या, नाहीतर इकडच्या ऑफिसात नुसतं वाचून दाखवण्यात अर्धा दिवस जाईल.

बेळगावातच ठरलं तर माझी तारीख २२ जून. शाळा उघडल्यावरचे तीन आठवडे तू असशील, म्हणजे नवीन पोरांचे दाखले, पुस्तकं वाटप, सेतुबंधची उजळणी सुरू करून देणं, सॅट्समध्ये, म्हणजे पोरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नावं चढवणं हे तुझ्या हातनं होईल, आणि पहिलीच्या पोरांना निदान एक ओळखीचं तोंड दिसेल. रजा १८ डिसेंबरला संपते, बाळ पाच महिने पूर्ण करून वर आठवडाभर. त्यावर लागलंच तर कर्नाटकात २०२१ पासून बायकांना चाइल्ड केअर लीव्ह आहे, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत कधीही, पण ती हक्कानं मिळत नाही, मंजूर झाली तर मिळते, म्हणून त्यावर विसंबून हिशोब मांडू नको. पुढं पोर तापानं फणफणेल, दहावीला जाईल, तेव्हाला ठेव.

पण एक कर. २२ जून ही कागदावरची तारीख, तयारी मात्र १ जूनलाच पूर्ण पाहिजे. हॉस्पिटलची पिशवी भरलेली असते ना दाराआड, तशी शाळेची पिशवी पण. हजेरी, मार्कांची वही, कुठलं पोर कुठल्या अक्षराशी अडलंय त्याचा एक कागद, कपाटाची किल्ली कुणाकडं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण आईविना आजीकडं राहतं. येणारा गेस्ट टीचर एमए-बीएड असेल पण हे त्याला कोण सांगणार. मग १० जूनला बीपी वाढलं किंवा डॉक्टर म्हणाले बास आता, तर त्याच दिवशी घरी जायचं, पोरांचं कसं होईल म्हणून आणखी चार दिवस ओढायचं नाही. डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंड-हात सुजणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाचं फिरणं कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर तास संपायची पण वाट बघू नको.

हेडमास्तरांना आजच तोंडी सांग आणि मे संपायच्या आत अर्ज दे. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट, त्यावर अपेक्षित तारीख स्पष्ट पाहिजे, ती पहिल्या तीन महिन्यातल्या स्कॅनवरची असली तर उत्तम, नंतरच्या स्कॅनमध्ये तारखा हलतात आणि क्लार्क दोन कागदांवरच्या दोन तारखा बघून फाइल बाजूला ठेवतो. अर्ज कन्नडमध्ये, स्टाफमधल्या कन्नड बाईंकडून लिहून घे, त्या आनंदानं देतील, तू त्यांच्या पोराला मराठी म्हणी शिकवल्या असशीलच. आपल्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही. चेकअपला सीएल वापर, सीएल मॅटर्निटीला जोडून घेता येत नाही, तेव्हा साठवून उपयोग नाही.

मॅडम, मी निपाणीजवळ एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत दोन वर्षं आहे. दर जूनला नवीन ऑर्डर देतात, मार्चला संपते. मला १० सप्टेंबरची तारीख आहे. प्रिन्सिपल म्हणतात तुम्ही यंदा जॉइनच होऊ नका, पुढच्या जूनला या, किंवा राजीनामा देऊन जा, आमच्याकडं मॅटर्निटी वगैरे नसतं. खरं आहे का? आणि मिळणार असेल तर कधीपासून घेऊ? — एक वाचक, निपाणी

नसतं म्हणजे ते देत नाहीत. कायद्यात असतं.

२०१७ पासून मॅटर्निटीची रजा २६ आठवडे झालीय, पगारी, पहिल्या दोन मुलांपर्यंत. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात, तुझ्या तारखेला ते १६ जुलैपासून. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागतो हा कायदा, तुमच्या शाळेत शिपाई, आया आणि ड्रायव्हर धरून किती होतात मोज, दहा तर सहज होतील. अट एवढीच की तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. तुझे सप्टेंबर ते मार्चमध्येच ते कितीतरी वर झालेत. आता ऑर्डर मार्चला संपते म्हणून हक्क संपला असं ते म्हणतील. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंत्राटावरच्या एका डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलंय की कंत्राटाची मुदत संपली तरी मॅटर्निटीचा लाभ मुदतीच्या पलीकडं जाऊ शकतो. दर वर्षी जून ते मार्च ऑर्डर काढणं ही आपल्याकडची जुनी युक्ती, एप्रिल-मेचा पगार वाचवायला काढलेली, ती आता पोटुशी पोरींवर पण चालवायलीत.

तर राजीनामा द्यायचा नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. तोंडी काही बोलू नको, जूनमध्ये नेहमीसारखी जॉइन हो, आणि लेखी पत्र दे की मला अमुक तारखेपासून मॅटर्निटी रजा पाहिजे, या काळात मी दुसरीकडं काम करणार नाही, पैसे माझ्या खात्यावर जमा करा. पोस्टानं रजिस्टर करून पाठव, पावती जपून ठेव. रजेवर असताना किंवा रजेच्या कारणानं काढून टाकणं बेकायदेशीर आहे. डिलिव्हरीआधीच्या आठवड्यांचे पैसे आगाऊ द्यायचे असतात, उरलेले बाळ झाल्याचा कागद दिल्यावर ४८ तासांत, असं कायदाच म्हणतो. देतात का, तो वेगळा विषय. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापत असतील तर पैसे शाळेला नाही, ईएसआयला मागायचे, मग प्रिन्सिपलचा जीव पण भांड्यात पडेल, त्यांना आधी हेच सांगून बघ, कधीकधी माणूस वाईट नसतो, पैशाला घाबरलेला असतो. नाहीच ऐकलं तर कामगार खात्याच्या इन्स्पेक्टरकडं अर्ज. एकटी जाऊ नको, वडील, भाऊ, मिस्टर, कुणाला तरी घेऊन जा. शाळेत तुझ्यासारख्या अजून तीन-चार जणी असतील त्यांना पण सांगून ठेव, आज तुझी पाळी, पुढच्या वर्षी त्यांची.

कधीपासून घेऊ म्हणशील, तर तुझ्या बाबतीत मी ऑगस्टचा शेवट म्हणेन. निपाणीत पाऊस खानापूरसारखा नाही, शाळा जवळ असेल, आणि गणपतीच्या सुट्टीच्या मागंपुढं तारीख येते तेव्हा वर्गाचं पण फार बुडत नाही. जुलैच्या मध्यापासूनच घेतलीस तर जानेवारीच्या मध्यात हजर, बाळ चार महिन्यांचं. पण आधी एक महिना उभं राहून शिकवणं झेपत नसेल तर एक कलम ध्यानात ठेव, जे फारसं कुणी सांगत नाही: तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसशील तर तेव्हाही, बाईनं मागणी केली तर तिला खूप वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. म्हणजे खुर्ची मागणं हा तुझा हक्क आहे. माझ्या काळात काही शाळांत वर्गातनं बाईंची खुर्चीच काढून टाकली होती, बसतात म्हणून.

बाई, मला लिहायला येत नाही फारसं, पुतण्याकडनं टाइप करून घ्यायलोय. सून चिकोडीकडं सरकारी हायस्कुलात गणिताला हाय. आठवा चालू हाय, २० एप्रिल तारीख दिलीया. पाय सुजल्यात, परवा डॉक्टरनं बीपी १५० वर १०० सांगितलं आणि रक्त साडेआठ. आराम करा म्हणाले. ही म्हणती दहावीची परीक्षा झाल्याशिवाय रजा टाकणार नाही, पोरांचं वर्ष हाय, आणि आत्ता टाकली तर मागनं दिवस कमी पडतील. मी काय बोलायला गेलो तर म्हणती आत्या तुम्हाला कळत नाही. आम्ही पण नऊव्या महिन्यापर्यंत उसाच्या रानात होतो, पण हे मला बरं दिसंना. — एक सासू, चिकोडी

आत्याबाई, तुम्हाला कळतंय. तिला हा अंक दाखवा, पुढचं तिच्यासाठी लिहिते.

पोरी, वर मी दोघींना दिवस वाचवा म्हणून सांगितलं ते वाचून माझा आधार घेऊ नको. त्यांचं नॉर्मल आहे, तुझं नाही. १४० वर ९० च्या पुढं बीपी गेलं की डॉक्टर ते गंभीर धरतात, तुझं त्याच्याही वर आहे, पाय सुजलेत आणि वर रक्त साडेआठ, जे निदान ११ पाहिजे. गरोदरपणातलं बीपी आज आहे तसं उद्या राहील याचा भरवसा नसतो, झटके येईपर्यंत मजल जाऊ शकते, तुझ्या आणि बाळाच्या दोघांच्या जिवावर. उद्या शाळेत जायचं ते फक्त अर्ज द्यायला, आणि खरं तर ते पण मिस्टरांकडून पाठव.

दिवस कमी पडायची भीती असेल तर त्याला वाट आहे. मॅटर्निटी आजच सुरू करायची गरज नाही. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आजारपणाची रजा टाक, खात्यावर शिल्लक असेलच, आणि त्याला लागून पुढं मॅटर्निटी, अशी जोडून घेता येते. म्हणजे १८० दिवस बाळासाठी जवळजवळ पूर्ण राहतात. क्लार्क नाही म्हणाला तर कुठल्या नियमानं नाही ते लिहून द्या म्हणावं. खाजगीतल्या पोरींनी पण वाचून ठेवा, गरोदरपणामुळं आजार झाला तर २६ आठवड्यांच्या वर एक महिना वेगळा मिळतो.

दहावीच्या पोरांचं म्हणशील तर मार्च लागलाय, पोर्शन तुझा संपलेला असणार, उरली ती उजळणी. भूमितीची प्रमेयं कुठली आणि चार मार्कांची उदाहरणं कुठली त्याचे चार कागद लिहून हेडमास्तरांकडं दे. पोरं हुशार असतात, शंका असेल तर फोन करतील, तू डाव्या कुशीवर आडवी पडून सांग. पण संध्याकाळी तासभर, जास्त नाही, आणि आत्याबाई, तासभर झाला की फोन तुम्ही काढून घ्यायचा.

बीपी रोज मोजून घ्या, मशीन नसेल तर गावातल्या आशाताईंना सांगा. आकडा आणि तारीख वहीत लिहायची, पुतण्याला बसवा त्या कामाला. रक्ताची गोळी चुकवू नका, आणि गोळीच्या वेळी चहा नको, लिंबू पिळलेलं काहीतरी चालेल. डोकं दुखायला लागलं, डोळ्यापुढं चमकायला लागलं किंवा वरच्या पोटात दुखलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले तरी १०८ ला फोन लावा.